अण्णांचं डिझेल की दादाचं पेट्रोल?

ओतूरजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे, पण हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईचं आहे, त्यामुळे मला विचारायला फारसं काही उरलं नाही. त्यातला कामाचा भाग असा:

"आमची सहा एकर बागायत. टोमॅटो, कांदा, मधे मेथी-कोथिंबीर. २०११ ची डिझेल पिकअप होती, ती मागच्या महिन्यात विकली. आता नवी घ्यायची तर घरात दोन तट पडलेत. अण्णा म्हणतात, डिझेलशिवाय दुसरी गाडी दारात नको. डिझेल ओढतं आणि डिझेल मरत नाही. दादा म्हणतो, नव्या डिझेलच्या सायलेन्सरमध्ये फिल्टर असतो, तो चोंदला की मोठा खर्च. त्यापेक्षा एक टनाची पेट्रोल-सीएनजी घेऊ. तो मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ दाखवतो. तिकडे सगळे पेट्रोलच घेतात म्हणे. काम असं: रोज ओतूरच्या बाजारात एक फेरी, जायला सहा किलोमीटर, तीन-चारशे किलो माल. टोमॅटोच्या चार महिन्यांत आठवड्याला दोनदा माळशेजमार्गे वाशी, बहात्तर क्रेट, जाऊन-येऊन २६० किलोमीटर. बाकी खतं, औषधं, लग्नकार्य मिळून वर्षाला साडेतीन हजार किलोमीटर. गाडी दादाच चालवतो. १.७ टनाची डिझेल पिकअप रस्त्यावर येईपर्यंत १० लाख ३० हजार सांगितलीय, एक टनाची पेट्रोल-सीएनजी ८ लाख ६० हजार. सीएनजीचा पंप पंधरा किलोमीटरवर आहे. भाड्याची पिकअप वाशीला साडेसहा हजार घेते. घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. हिशेब मी ठेवते म्हणून दोघंही माझ्याकडे बघतात. काय घ्यावं?"

ताई, डिझेल घ्या. पण अण्णा सांगतात त्या कारणांसाठी नको, आणि रोजच्या ओतूरच्या फेरीला ती जुंपायची नाही. ही दुसरी अट घरात पाळली जाणार नसेल तर दादाचं ऐका.

आधी अण्णांचं "डिझेल ओढतं" बघू. ओढतं, यात वाद नाही. डिझेल इंजिन हवा पेट्रोलच्या मानाने कितीतरी जास्त दाबतं, वर टर्बो असतो, त्यामुळे इंजिन हळू फिरत असतानाच भरपूर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, मिळतो. भरलेली गाडी चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गियरात न कुरकुरता जाते ती यामुळे. पण तुमचा रस्ता डोळ्यासमोर आणा. ओतूर पठारावर, वाशी खाडीकाठी. माळशेज तुम्ही भरलेल्या गाडीने उतरता आणि रिकाम्या क्रेटांसह चढता. म्हणजे ज्या घाटासाठी अण्णांना ओढणारं इंजिन हवंय, त्या घाटात माल गाडीला ढकलत असतो! तिथे काम ब्रेकचं, टायरचं आणि मंजूर वजनाचं. उलट उतारावर पेट्रोल इंजिनाला थोडा फायदाच असतो: पाय काढला की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद होते, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि तेच गाडीला मागे खेचतं. डिझेलमध्ये हवा अशी अडवली जात नाही, म्हणून तर मोठ्या ट्रकांना धुराची वाट अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक वेगळा बसवतात. तेव्हा गाडी कुठलीही असो, पावसाळ्यात, धुक्यात, रात्री अकराला माळशेज उतरताना दादाने खालच्या गियरातच राहायचं. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांचे सल्ले ऐकायचे नाहीत.

तुमच्या परतीच्या फेरीला मुरबाड-कल्याणकडून भरलेला माल येत असता तर मी वेगळं लिहिलं असतं. पत्रात तसं काही नाही.

मग डिझेल का? क्रेटमुळे.

बहात्तर क्रेट म्हणजे वीस किलोने १,४४० किलो टोमॅटो. दीड टनाच्या आत आहे असं वाटतं. पण रिकामा क्रेट स्वतः दीड-पावणेदोन किलोचा असतो, तो कोणी मोजत नाही. बहात्तर क्रेटांचे सव्वाशे किलो झाले. दादा आणि सोबत एक माणूस, त्यांचे एकशेतीस. बेरीज १,७०० च्या आसपास. म्हणजे १.७ टनाची गाडी तुमच्या मालाला बरोबर पुरते, वर दोन क्रेटसुद्धा नकोत. दादा म्हणतो त्या एक टनाच्या गाडीत हाच हिशेब लावा: माणसं वजा जाता आठशेसत्तर किलो उरतात, भरलेला क्रेट पावणेबावीस किलोचा, म्हणजे चाळीस क्रेट. पन्नास नव्हे, चाळीस. "सगळे पन्नास-साठ टाकतात" असं शोरूममध्येही सांगतील. टाकतात, खरंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला वीस हजार दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. आणि दंडापेक्षा मला माळशेजचा उतार आठवतो.

आता हंगामाचं काम मोजा. चार महिन्यांचे सतरा आठवडे, चौतीस फेऱ्या, सुमारे २,४५० क्रेट. तेवढेच क्रेट एक टनाच्या गाडीने न्यायचे तर एकसष्ट फेऱ्या होतात. सत्तावीस फेऱ्या जास्त, म्हणजे सात हजार किलोमीटर जास्त. ओतूरच्या फेऱ्या सध्यासारख्या गाडीनेच धरल्या तर डिझेल पिकअपचं वर्ष सोळा हजार किलोमीटरचं, एक टनाच्या गाडीचं तेवीस हजारांचं. घरात भांडण चाललंय ते दर किलोमीटरच्या खर्चावर. तुम्ही वहीत दर क्रेटचा खर्च लिहा.

डिझेल ९१ रुपये आणि पेट्रोल १०४ धरते, तुमच्या पंपावर रुपया-दोन रुपये इकडेतिकडे असेल. सीएनजी ८८ रुपये किलो. सरासरी मात्र कंपनीच्या पत्रकातली नको. भरलेली पिकअप लिटरला तेरा धरा. एक टनाची गाडी पेट्रोलवर साडेबारा, सीएनजीवर किलोला पंधरा. डिझेल किलोमीटरला सात रुपये पडतं, पेट्रोल सव्वाआठच्या वर, सीएनजी सहाच्या किंचित आत. या ओळीवर थांबलं तर सीएनजी जिंकतो आणि दादा उड्या मारतो. पण वर्षाचे किलोमीटर लावा. डिझेलचे सोळा हजार किलोमीटर, १ लाख १२ हजार. सीएनजीचे तेवीस हजार, १ लाख ३५ हजार. पेट्रोलचे तेवीस हजार, १ लाख ९० हजार. स्वस्त इंधनाची गाडी वर्षाला तेवीस हजारांनी महाग पडली, आणि नुसत्या पेट्रोलवर चालली तर जवळजवळ ऐंशी हजारांनी. यात सत्तावीस जादा रात्रींचं जागरण, टोल, टायर आणि वाशीच्या गाळ्यावरचा खोळंबा धरलेलाच नाही. जागरण करणारा दादाच आहे, त्यालाच विचारा सत्तावीस रात्रींची किंमत काय.

दोन गाड्यांच्या किमतीतला १ लाख ७० हजारांचा फरक पेट्रोलशी तुलना केली तर सव्वादोन वर्षांत फिटतो. सीएनजीशी तुलना केली तर इंधनावर सात वर्षं लागतात, तिथे निर्णय पैशापेक्षा रात्रींवर होतो.

तिसरी वाट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सगळ्यात आधी बघायला हवी होती: ओतूरच्या कामापुरती छोटी गाडी घ्यायची आणि वाशीला भाड्याची पिकअप लावायची. भाडं साडेसहा हजार. स्वतःची डिझेल गाडी नेली तर इंधन १,८२०, टोल आणि टायरची झीज धरून अडीच हजारांच्या आसपास. फेरीला चार हजार वाचतात, चौतीस फेऱ्यांना १ लाख ३६ हजार. जादा १ लाख ७० हजारांच्या कर्जाचा हप्ता पाच वर्षांचा धरला तर वर्षाला त्रेचाळीस-चव्वेचाळीस हजार जातात. तेव्हा आज तरी स्वतःची गाडी परवडते. वाशीच्या फेऱ्या अकराच्या खाली आल्या, म्हणजे नारायणगावलाच माल द्यायचं ठरवलंत किंवा टोमॅटो कमी केलात, की हे गणित उलटतं. त्याचा विचार आत्ताच करा, कर्ज काढल्यावर नको.

आता दादाच्या फिल्टरकडे येते, कारण या भांडणात तांत्रिक मुद्दा एकट्या त्याचाच आहे आणि तो बरोबर आहे.

१ एप्रिल २०२० पासून विकली जाणारी प्रत्येक नवी गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांची, आहे. पेट्रोल इंजिनाला ते तुलनेने सोपं गेलं. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण नेमकं राखलं की धुरातले तिन्ही विषारी वायू एकच कॅटॅलिस्ट निपटतो. डिझेलमध्ये हवा कायम जास्त असते, म्हणून तो उपाय तिथे चालत नाही. काजळी पकडायला वेगळा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी आणखी वेगळी सोय. ती दोन प्रकारची असते: एकीत डीईएफ नावाचं युरियाचं द्रावण धुरात फवारतात, दुसरीत एलएनटी नावाचा सापळा असतो, त्याला द्रावण लागत नाही. हा सगळा सरंजाम लहान गाडीच्या किमतीला झेपत नाही. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनासह आली होती. २०२० मध्ये मारुतीने डिझेलच सोडलं आणि आज ती पेट्रोल आणि सीएनजीवर चालते. टाटांचा छोटा हत्ती २००५ मध्ये डिझेलवर आला, त्यालाही २०२० मध्ये पेट्रोल इंजिन मिळालं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये टाटांनी एलएनटी लावून त्याचं स्वस्त डिझेल मॉडेल पुन्हा काढलं, म्हणजे मागणी मेलेली नाही. पण एक टनाच्या खाली, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीसाठी मी आज कोणालाही डिझेल सुचवणार नाही. आणि दीड टनाच्या वर बघायला गेलात तर शोरूममध्ये पेट्रोल जवळपास दिसतच नाही, डिझेल किंवा फार तर सीएनजी. दादाचं पेट्रोल आणि अण्णांचं डिझेल या एकाच मापाच्या दोन गाड्या नाहीतच. दोघं वेगवेगळ्या आकाराच्या गाड्यांवरून भांडतायत आणि वाद इंधनाचा समजतायत.

फिल्टरचं काम असं चालतं. काजळी त्यात साठत जाते. ठरावीक प्रमाणात साठली की गाडीचा संगणक सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, ते पुढे धुराच्या वाटेवर जळतं, फिल्टर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापतो आणि काजळी जळून जाते. याला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणारी, नीट तापलेली गाडी लागते. तुमची ओतूरची फेरी सहा किलोमीटरची. डिझेल इंजिन मुळात उष्णता कमी वाया घालवतं, म्हणून तापायलाही वेळ घेतं. ओतूर येतं तोवर ते जेमतेम कोमट झालेलं असतं, की तुम्ही किल्ली काढता. जाळण्याचं काम अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट. प्रत्येक वेळी न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, त्यात डिझेल मिसळलंय आणि ते ऑइल आता बेअरिंग वाचवणार नाही.

हंगामाच्या चार महिन्यांत ही काळजी नाही. आठवड्यातून दोनदा २६० किलोमीटर म्हणजे फिल्टर आपोआप साफ. प्रश्न उरलेल्या आठ महिन्यांचा आहे. म्हणून ओतूरचा तीन-चारशे किलो माल ट्रॅक्टर-ट्रॉलीने न्या, किंवा शेजारच्या दोघांचा माल एकत्र करून एखादी तीनचाकी लावा. ट्रॅक्टर हळू जातो आणि दादाला बाजारात ट्रॅक्टरवरून जायला आवडत नसेल, पण सहा किलोमीटर आहेत. पिकअप आठवड्यातून एकदा तरी आळेफाट्याच्या पुढे, नारायणगाव किंवा मंचरपर्यंत, पन्नास-साठच्या वेगाने अर्धा-पाऊण तास पळाली पाहिजे. खतं-औषधं आणायची ती त्याच फेरीत आणा. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला तर गाडी बंद करायची नाही, तशीच मोठ्या रस्त्याला काढायची. दिवा लागूनही आठवडाभर तशीच चालवली की मग वर्कशॉपशिवाय सुटका नाही, आणि तिथे दादा म्हणतो तो खर्च येतो.

गावाकडे कोणीतरी सांगेलच की फिल्टर कापून टाक, सॉफ्टवेअर बदलून घे, गाडी वाऱ्यासारखी पळेल. पळते. पण ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, तिथे कधी ना कधी अडकतं. शिवाय तो धूर ज्या पोरांच्या नाकात जाणार ती तुमच्याच गावची.

अण्णांना मात्र एक गोष्ट बसवून समजावावी लागेल. त्यांची २०११ ची गाडी ज्या काळातली, त्या काळात डिझेलवर श्रद्धा ठेवायला भक्कम कारण होतं. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर होतं आणि डिझेल ४१ च्या आत. लिटरमागे बत्तीस रुपये! सरकार डिझेलचा भाव धरून ठेवायचं. २०१४ च्या ऑक्टोबरपासून ते बंद झालं. आज फरक तेरा-चौदा रुपयांवर आलाय. तरीही डिझेल किलोमीटरला स्वस्त पडतं, कारण लिटरभर डिझेलमध्ये ऊर्जा दहा-बारा टक्क्यांनी जास्त असते आणि इंजिन ती जास्त काटकसरीने वापरतं. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून सरासरी थोडी घसरतेच, नवी इंजिनं त्यासाठी जुळवलेली असली तरी. दादाने पेट्रोलची सरासरी कुठल्या जुन्या व्हिडिओतून घेतली असेल तर तेवढी वजा करा.

"डिझेल मरत नाही" हेही जुन्या इंजिनाबद्दल खरं होतं. त्या वेळच्या बीएस-३ डिझेलमध्ये गंधक दर दहा लाख भागांत साडेतीनशे भाग असायचं, आता दहा. इंजिनही तेव्हा कसलंही डिझेल पचवायचं आणि बिघडलं तर गावातला मिस्त्री पान्याने सरळ करायचा. आताचे इंजेक्टर प्रचंड दाबावर चालतात, त्यांना अगदी बारीक कचराही सोसत नाही. अण्णांना सवय असणार, ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधलंच डिझेल नरसाळ्याने पिकअपमध्ये ओतायची. ते बंद. कॅनच्या तळाशी पाणी आणि गाळ असतो, ट्रॅक्टर तो सोसेल, पिकअपचा पंप आणि इंजेक्टर सोसणार नाहीत. डिझेल गाळणाऱ्या फिल्टरखाली पाणी साचतं ते वेळच्या वेळी सोडायचं. ऑइल कमी राखेचं, कंपनीने लिहिलेल्या ग्रेडचंच; ट्रॅक्टरच्या ड्रममधलं ऑइल टाकलं तर त्याची राख काजळीच्या फिल्टरमध्ये बसते आणि ती जळून जात नाही.

आणि गाडी डीईएफवाली निघाली तर एक गोष्ट अण्णांच्या डोक्यात यायच्या आधीच सांगून ठेवते. डीईएफ म्हणजे साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, हे खरं. म्हणून गोठ्यातल्या गोणीतला युरिया बादलीत कालवायचा नाही! आपल्याकडचा शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो, त्यात इतर अशुद्धीही असतात, आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार वेगळे. फवारणीचा नोझल आणि पुढचा कॅटॅलिस्ट दोन्ही बाद होतात. अनुदानाचा युरिया गाडीत घालणं हा गुन्हा आहे ते निराळंच. सीलबंद कॅन पंपावर मिळतो, तोच घ्यायचा. आणि टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, कारण द्रावण संपलं की गाडी आधी जोर कमी करते आणि काही मॉडेलं पुढे सुरूच होत नाहीत. रात्री दोनला, टोमॅटो भरलेले असताना, टोकावड्याच्या अलीकडे.

अमेरिकेचं थोडक्यात. दादा चुकीचं सांगत नाही. तिथे हलक्या पिकअपमध्ये पेट्रोलच चालतं. फोर्डने २०१८ मध्ये एफ-१५० ला तीन लिटरचं डिझेल इंजिन दिलं आणि २०२१ नंतर काढून टाकलं. रॅमनेही आपलं तीन लिटरचं डिझेल २०२३ मध्ये बंद केलं. जनरल मोटर्स अजून विकते. पण तिकडे डिझेल पेट्रोलपेक्षा बहुतेक वेळा महाग असतं, केंद्राचा करच डिझेलवर गॅलनला २४.४ सेंट आणि पेट्रोलवर १८.४. आपल्या नेमकं उलट. शिवाय तिथल्या कितीतरी पिकअप रिकाम्या हौद्याने ऑफिसला जातात, शनिवार-रविवारी मागे बोट लावतात. दीड टन टोमॅटो घेऊन रात्री घाट उतरणाऱ्याने त्यांचा सल्ला कशाला घ्यायचा? व्हिडिओ बघावेत, छान असतात.

सीएनजीवर मी जास्त लिहीत नाही, कारण तुमच्या बाबतीत पंधरा किलोमीटरचा पंप हाच निकाल आहे. भरायला तीस किलोमीटर, वर रांग, आणि गॅस पाइपने न येता टँकरने येणाऱ्या पंपावर दाब कमी पडला तर टाकी पूर्ण भरत नाही. जोर पेट्रोलपेक्षा थोडा कमी, सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी. हाच पंप गावाच्या वेशीवर असता आणि वाशी नसती, तर तुम्हाला मी डोळे मिटून सीएनजी सांगितली असती.

डिझेल गाड्यांवर बंदी येणार का, ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण अण्णांना पारावर कोणीतरी घालेलच. दहा वर्षांनी डिझेल बंद हा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यातला, तोही कोर्टात मागेपुढे होत राहिलेला. महाराष्ट्रात तसा नियम नाही. मात्र २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतली पेट्रोल-डिझेलची वाहनं टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का याचा अभ्यास करायला सरकारला सांगितलं, आणि समितीही नेमली गेली. तुमचा माल जातो वाशीला, मुंबईच्या दारात. म्हणून कर्ज पाच वर्षांचंच घ्या आणि ही गाडी पंधरा वर्षं वापरायच्या बेताने घेऊ नका.

शोरूममध्ये जाताना तुम्ही स्वतः जा, दोघांना एकटं पाठवू नका. सांगितलेली किंमत २०२५ च्या सप्टेंबरात मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला त्यानंतरची आहे ना, ते आधी विचारा. मग हे लेखी मागा: गाडीला डीईएफ आहे की एलएनटी, डीपीएफ वॉरंटीत किती किलोमीटरपर्यंत धरलाय आणि छोट्या फेऱ्यांनी चोंदला तर वॉरंटी चालते का, फिल्टरमधली काजळी गाडी उभी ठेवून जाळायची सोय ओतूर-नारायणगाव भागातल्या कुठल्या वर्कशॉपात आहे. तिसऱ्याचं उत्तर "पुण्याला आणा" असं आलं तर दुसऱ्या कंपनीची गाडी बघा, मग ती दहा-वीस हजारांनी महाग का असेना. नोंदणीच्या कागदावर एकूण वजन तीन टनांच्या वर असेल तर परवानाही काढावा लागेल, तो खर्च १० लाख ३० हजारांत धरलाय का ते बघा. आणि चाचणीला गाडी रिकामी देतील, ती घेऊ नका. चाळीस-पन्नास क्रेट घरून घेऊन जा, भरून चालवू द्या म्हणा. नाही म्हणाले तर तेही वहीत लिहून ठेवा.